खुर्चीचा जीर्णोद्धार

नाट्यगृहांच्या दुरवस्थेविषयी महाराष्ट्रात जेव्हा जेव्हा ओरड होते तेव्हा तिचा क्रम बहुधा ठरलेला असतो: आधी स्वच्छतागृहे, मग वातानुकूलन, मग ध्वनियंत्रणा, आणि सरतेशेवटी, वर्तमानपत्राच्या रकान्यातील जागा संपत आली असताना, खुर्च्या. त्यांची वासलातही दोन शब्दांत लागते. त्या मोडक्या आहेत, सबब काढून टाकाव्यात व नव्या बसवाव्यात, एवढे म्हटले की तक्रारकर्त्याचे समाधान होते, अंमलदाराला अंदाजपत्रकात एक ठसठशीत रक्कम मांडता येते आणि ठेकेदाराची सोय होते. या घाईच्या निकालाशी माझा मतभेद आहे. जुन्या खुर्चीचा लोखंडी सांगाडा आणि सागवानी चौकट शाबूत असताना केवळ तिचे कापड विरले, तिच्यातील भरण बसले, म्हणून ती भंगारात काढणे ही सार्वजनिक द्रव्याची नासाडी तर आहेच, पण त्याहून अधिक ती एका विद्येची अवहेलना आहे; आणि ही विद्या जाणणारे हात छत्रपती संभाजीनगरासारख्या शहरात गल्लोगल्ली आजही काम करीत आहेत, हे त्या शहराच्या रंगमंदिरांविषयी लिहिताना प्रथम सांगितले पाहिजे.

या शहराला, म्हणजे कालपरवापर्यंतच्या औरंगाबादला, नाटकाचे वेड उसने आणावे लागलेले नाही. दक्षिणेस पन्नासेक किलोमीटरवर पैठण आहे, जेथे सोळाव्या शतकात एकनाथांनी भारूड रचले आणि अध्यात्माला सोंगाची व संवादाची भाषा दिली. निजामी राजवटीचा अंत १७ सप्टेंबर १९४८ रोजी झाला, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे त्या विद्यापीठात नाट्यशास्त्राचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. त्या विभागाच्या आणि शहरातील हौशी संस्थांच्या वातावरणात घडलेली मंडळी मुंबईस जाऊन व्यावसायिक रंगभूमीवर स्थिरावली. चंद्रकांत कुलकर्णी आणि प्रशांत दळवी यांची 'जिगीषा' ही संस्था मूळची याच गावची. अशा शहरात महापालिकेच्या मालकीचे संत एकनाथ रंगमंदिर उस्मानपुऱ्यात आहे, सिडकोत संत तुकाराम नाट्यगृह आहे, निराला बाजारानजीक तापडिया नाट्यमंदिर आहे. यांपैकी एकनाथ रंगमंदिराच्या अवस्थेविषयी नामवंत नटांनी जाहीरपणे खेद व्यक्त केला, ते काही वर्षे दुरुस्तीसाठी बंद राहिले आणि मग पुन्हा उघडले, हा इतिहास शहरातील प्रत्येक नाट्यरसिकास ठाऊक आहे. बंद असलेल्या त्या वर्षांत शहराच्या नाट्यव्यवहाराचे जे नुकसान झाले त्याची मोजदाद रुपयांत करता येणार नाही, कारण नाटक पाहण्याची सवय एकदा मोडली की ती नव्या इमारतीबरोबर आपोआप परत येत नाही.

प्रेक्षकाच्या बैठकीचा इतिहास रंगभूमीच्या इतिहासकारांनी फारसा लिहिलेला नाही. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले तेव्हाचा काळ जाजम-सतरंजीचा आणि फार तर मानकऱ्यांसाठी लोड-तक्क्यांचा. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' पुण्यात आले, पुढे नाटक मंडळ्या गावोगाव फिरू लागल्या, आणि तिकिटांच्या दराबरोबर बैठकीचेही दर्जे पडले: पुढे कोच आणि खुर्ची, मागे बाके, आणि सर्वांत स्वस्त तो पीट. पिटातल्या प्रेक्षकाची टाळी घेणे हा नटांच्या तोंडी रुळलेला शब्दप्रयोग त्या व्यवस्थेतूनच आलेला आहे. जमिनीला पक्की बसविलेली, उठताच आपोआप मिटणारी, पाठीवर क्रमांकाची पट्टी असलेली खुर्ची सर्वसामान्य प्रेक्षकाच्या वाट्याला आली ती चित्रपटगृहांबरोबर आणि त्यानंतरच्या नगरपालिकीय नाट्यगृहांबरोबर. या खुर्चीने एक मोठी सामाजिक गोष्ट केली. पहिल्या रांगेतील आणि विसाव्या रांगेतील माणूस एकाच घडणीच्या आसनावर बसू लागला. म्हणूनच ती फाटली म्हणजे फाटते ती केवळ वस्तू नव्हे, असे मला मनापासून वाटते.

याच शहरातील शहागंजाच्या मागील गल्ल्यांतून हिंडताना सोफा, गाडीचे सीट आणि गादी-उशा अशी तिन्ही कामे करणारी लहान लहान दुकाने दिसतात. पाटीवर 'कुशन वर्क्स' असे असते, आत जाड कापड शिवण्याचे एक यंत्र, एक लाकडी ठोकळा, फोमच्या लाद्यांची थप्पी आणि छताला टांगलेले रेक्झिनचे तागे. कापूस पिंजणाऱ्या नदाफ-पिंजारी घराण्यांतील पुढची पिढी या धंद्यात आली, त्याचप्रमाणे वाळूजच्या औद्योगिक वसाहतीमुळेही या हातांना काम मिळाले. बजाजचा वाहनांचा कारखाना तेथे १९८५ साली सुरू झाल्यापासून रिक्षांची आणि दुचाकींची सीटे भरणे, शिवणे, दुरुस्त करणे ही या शहरातील घराघरांची उपजीविका झाली. रिक्षाचे सीट भरणाऱ्या कारागिराला नाट्यगृहाची खुर्ची अवघड नसते. उलट रिक्षाचे सीट उन्हात तापते, पावसात भिजते आणि दिवसभर माणसे वाहते. नाट्यगृहातील खुर्चीला एवढे हाल सोसावे लागत नाहीत.

अशाच एका दुकानात, बंद पडलेल्या एका चित्रपटगृहातून भंगारात आलेली खुर्ची उसवली जाताना मी पाहिली. उसवली जाताना असे म्हणतो ते हेतुपुरस्सर, कारण जाणता कारागीर जुने कव्हर कधीही टरकावून काढीत नाही. तो अंबुराने एकेक चूक उपसतो, शिवणीचा दोरा ब्लेडने कापतो आणि कापडाचे तुकडे जसेच्या तसे बाजूला पसरून त्यांवर खडूने खुणा करतो. नव्या कापडाची बेतणी त्यांच्यावरूनच व्हायची असते. वरचे तपकिरी रेक्झिन निघाले तशी त्याखाली लालसर मखमलीची झिरझिरीत चिंधी दिसली, म्हणजे कधी काळी ही खुर्ची मखमलीची होती आणि एखाद्या व्यवस्थापकाने धुण्यापुसण्याच्या सोयीसाठी तिच्यावर रेक्झिन चढविले होते. त्याखाली गोळे झालेला कापूस, त्याखाली काथ्याचा थर, त्याखाली तरट, तरटाखाली सुतळीने बांधलेल्या स्प्रिंगा आणि सर्वांत तळाशी आडव्या-उभ्या विणीची निवाडपट्टी. काथ्या हाताने चुरगाळला तर त्याची धूळ झाली. स्प्रिंगा मात्र, दोन सोडून, ठणठणीत होत्या, आणि चौकटीचे सागवान जसेच्या तसे होते.

चौकट उलटी धरून त्या म्हाताऱ्या कारागिराने मला तिच्या कडेवरील बारीक छिद्रे दाखविली. "साहेब, ही खुर्ची तीनदा भरलीय. ही जाड चुकांची ओळ पयली. ही तिच्या आतली, बारीक, दुसऱ्यानं मारलेली. अन् ह्या जोडीजोडीच्या खुणा स्टेपलच्या, त्या आत्ताच्या." मी विचारले, "चाचा, आता चौथ्यांदा ठोकायला लाकडात जागा उरली आहे का?" त्याने भुसा आणि फेव्हिकॉल कालवून ती छिद्रे बुजविण्यास सुरुवात केली, आणि हाताखालच्या पोराला दुसऱ्या दिवसापर्यंत चौकट सावलीत वाळू देण्यास बजावले. त्या छिद्रांच्या तीन ओळींत एका चित्रपटगृहाचा सारा उदयास्त नोंदलेला होता. पहिल्या दोन वेळी मालकाने खुर्चीवर खर्च केला होता आणि तिसऱ्या वेळी खुर्ची फक्त झाकली होती.

पुढचे काम क्रमाने चालते. निवाड ताणून नवी ठोकायची. ती सैल राहिली तर वरचे सर्व कौशल्य फुकट. स्प्रिंगांना सुतळीने असे बांधायचे की प्रत्येक स्प्रिंग आठ दिशांनी आवळली जाईल, एकीवर भार आला तर तो शेजारणींत वाटला जाईल आणि तरीही कोणतीच वाकडी होणार नाही. हे बांधणे झाल्यावर कारागीर बैठकीवर गुडघा टेकवून आपले सारे वजन देतो आणि कान लावतो. कुरकुर ऐकू आली तर गाठ सोडतो. मग तरट, मग फोम, मग पातळ तंतूंची चादर, मग कापड. फोम चौकटीपेक्षा बोटभर मोठा कापायचा, म्हणजे कव्हर त्याला आवळून धरते आणि सुरकुती पडत नाही. कापड ठोकताना आधी चारही बाजूंच्या मध्यावर एकेक स्टेपल, मग मध्याकडून कोपऱ्यांकडे, आणि कोपऱ्याची चुणी सर्वांत शेवटी. मखमल असेल तर आणखी एक पथ्य: तिच्या लवेची दिशा साऱ्या रांगेत एकच असली पाहिजे. दहा खुर्च्यांत एक उलट्या लवेची लागली तर प्रेक्षागृहाचे दिवे पेटताच ती एकटी निराळ्या रंगाची दिसते. म्हणून तो म्हातारा प्रत्येक तुकडा कापण्यापूर्वी त्यावरून तळहात फिरवितो आणि मागच्या बाजूस खडूने बाण काढतो.

फोमविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण नाट्यगृहांच्या खुर्च्या अकाली बसतात त्या येथेच. पॉलियुरेथेन हा पदार्थ ऑटो बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९३७ साली शोधला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या मऊ फोमने काथ्या, कापूस व घोड्याचे केस यांची जागा जगभर घेतली. बाजारात तो 'बत्तीसचा', 'चाळीसचा' अशा आकड्यांनी विकला जातो. आकडा म्हणजे एका घनमीटर फोमचे किलोग्रॅममधील वजन. हलका फोम पहिल्या दिवशी हाताला तितकाच गुबगुबीत लागतो, किंबहुना काही वेळा अधिकच, आणि दोन-तीन वर्षांत मध्यभागी खड्डा पडून प्रेक्षकाला खालच्या प्लायवुडचा स्पर्श होऊ लागतो. ही फसगत ओळखण्यास प्रयोगशाळा लागत नाही. ५० सेंटीमीटर लांब, तेवढाच रुंद आणि १० सेंटीमीटर जाड असा तुकडा घ्यावा. तो चाळीसचा असेल तर तराजूत बरोबर एक किलो भरेल, आणि बत्तीसचा असेल तर ८०० ग्रॅम. महापालिकेच्या कनिष्ठ अभियंत्याने माल उतरवून घेताना किराणा दुकानातील एक काटा जवळ ठेवला तरी या व्यवहारातील निम्मी लबाडी थांबेल. सार्वजनिक वापराच्या खुर्चीला चाळिसाहून कमी घनतेचा फोम स्वीकारूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खुर्चीचे भरण आणि वरचे कापड हा केवळ बुडाच्या सुखाचा प्रश्न नव्हे. तो कानाचाही प्रश्न आहे, आणि ही गोष्ट पुराव्यानिशी सिद्ध होऊन आता सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली आहेत. १८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह उघडले आणि त्यात कोणाचेही व्याख्यान समजेना. तोंडातून निघालेला शब्द विरण्यास साडेपाच सेकंदांहून अधिक वेळ लागे आणि तोवर पुढचे दहाबारा शब्द त्यावर येऊन आदळत. वॉलेस सॅबिन या तरुण पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाकडे हे दुखणे सोपविण्यात आले. जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील बैठकींच्या गाद्या तो रात्रीच्या वेळी या व्याख्यानगृहात आणी, त्या थोड्या थोड्या वाढवून मांडी, ऑर्गनची नळी वाजवून स्वर विरण्यास लागणारा वेळ मोजी, आणि सकाळच्या आत साऱ्या गाद्या परत जागच्या जागी नेऊन ठेवी. जसजशा गाद्या वाढत तसतसा निनाद कमी होई. या रात्रींच्या मोजमापातून त्याने जो नियम काढला, की निनादाचा काळ हा दालनाच्या घनफळाच्या सम प्रमाणात आणि त्यातील शोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो, त्यावर आधुनिक ध्वनिशास्त्राची इमारत उभी आहे, आणि त्याच नियमाच्या आधारे १९०० साली बॉस्टनचे सिंफनी हॉल बांधले गेले. एका शास्त्राचा जन्म नाट्यगृहाच्या गाद्यांतून झाला आहे, हे आपल्या नगररचनाकारांना कोणीतरी सांगितले पाहिजे.

याचा आपल्याशी संबंध असा. नाट्यगृह भरलेले असते तेव्हा प्रेक्षकांची शरीरे व वस्त्रे आवाज शोषतात. रिकामे असते तेव्हा ते काम खुर्चीला करावे लागते. कापडी, भरदार खुर्ची रिकामी असली तरी जवळजवळ माणसाइतकाच आवाज पिते, आणि त्यामुळे तालमीला जो नाद असतो तोच थोड्याफार फरकाने प्रयोगाला राहतो. उत्तम घडणीच्या खुर्चीत बैठकीच्या तळाच्या प्लायवुडला छिद्रे पाडलेली असतात ती याचसाठी, की खुर्ची मिटलेली असतानाही तिचा तळ आवाज आत घेईल. आता या खुर्चीवर रेक्झिन चढवा. रेक्झिनमधून हवा जात नाही. हवा जात नाही म्हणून आतील फोमच्या रंध्रांपर्यंत आवाज पोहोचत नाही. आणि वरच्या पट्टीतील स्वर, विशेषतः मराठीतील स, श, च, त यांसारखी व्यंजने, त्या गुळगुळीत पृष्ठावरून परत फिरून संवादांत कालवली जातात. आठवड्याच्या मधल्या वारी, एक तृतीयांश प्रेक्षागृह भरलेले असताना, चांगल्या नटाचेही बोलणे मागच्या रांगांत पुसट ऐकू येते, मग ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढविला जातो, आणि मग प्रेक्षक म्हणतात की हल्लीच्या नटांना आवाज लावता येत नाही. नटाचा दोष त्यात थोडा असेलही. पण 'पुसायला सोपे' म्हणून रेक्झिनचा आग्रह धरणाऱ्या शेऱ्याचा दोष अधिक आहे. मराठवाड्याच्या वैशाखात, वातानुकूलन अर्धवट चालत असताना, त्याच रेक्झिनला घामेजलेली पाठ चिकटते, हा त्रास वेगळाच.

कापड निवडण्याचे मोजमापही उपलब्ध आहे. मार्टिंडेल नावाच्या यंत्रावर कापडाचा तुकडा लोकरी वस्त्रावर गोल गोल घासतात आणि किती फेऱ्यांनंतर त्याचे धागे तुटतात ते मोजतात. सार्वजनिक आसनाच्या कापडाने तीस-चाळीस हजार फेऱ्या तरी सोसाव्यात अशी अपेक्षा असते. निविदेत 'उत्तम प्रतीचे कापड' असे मोघम लिहिण्याऐवजी हा आकडा लिहिला तर निकृष्ट माल आपोआप बाद होईल.

येथे या शहराच्या हिमरूचा विचार मनात येणे अपरिहार्य आहे. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेस आणली तेव्हा त्याच्याबरोबर विणकर आले आणि त्यांच्यापासून येथे ही कला रुजली, अशी परंपरा सांगतात. किनखापाची ऐट परवडत नसलेल्यांसाठी सुती ताण्यावर रेशमी बाणा घालून विणलेले हे वस्त्र. शेरवानी, शाली आणि पडदे यांसाठी ते नावाजले गेले. आपल्या रंगमंदिराच्या खुर्च्या हिमरूने मढवाव्यात अशी भावुक सूचना कोणी केली तर ती मी, हिमरूवर प्रेम असूनही, नाकारीन. त्याच्या पाठीमागे मोकळे सुटणारे धागे आणि त्याचा नाजूक पोत यांना दररोजच्या घासपुशीत वर्षभरही टिकाव धरता येणार नाही, आणि कारागिराच्या महिनोन्महिन्यांच्या श्रमाची चिंधी झालेली पाहणे क्लेशकारक होईल. परंतु हिमरूच्या फुला-वेलींची नक्षी दणकट जॅकार्ड कापडात विणवून घेणे शक्य आहे, आणि अस्सल हिमरू दर्शनी पडद्यावर किंवा प्रेक्षागृहाच्या भिंतींवरील चौकटींत लावणेही शक्य आहे, जेथे त्याला कोणाची पाठ लागणार नाही. साऱ्या देशातील नाट्यगृहांत दिसणारा तीच एक तांबडी कृत्रिम मखमल येथेही यावी, याचे मला वैषम्य वाटते.

आगीविषयी बोलल्याशिवाय फोमचे प्रकरण संपत नाही. साधे पॉलियुरेथेन पेटले की त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड यांनी भरलेला काळा धूर निघतो, आणि बंदिस्त प्रेक्षागृहात माणसे ज्वाळांच्या आधी धुराने मरतात. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसे मृत्युमुखी पडली, ती मुख्यतः गुदमरून. ती आग तळमजल्यावरील रोहित्राची होती, खुर्च्यांची नव्हे, पण धुरात सापडलेल्या प्रेक्षकाची गत काय होते याचा तो दाखला कायमचा आहे. कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी १९१५ साली लोकांसाठी खुले केलेले पॅलेस थिएटर, म्हणजेच आजचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आगीच्या भक्ष्यस्थानी पडले तेव्हा सुदैवाने आत प्रयोग चालू नव्हता. त्या राखेचे चित्र पाहून महाराष्ट्रातील नाट्यरसिकांच्या डोळ्यांत पाणी आले. परंतु आपापल्या गावच्या नाट्यगृहातील खुर्चीत कोणता फोम भरला आहे, एवढी विचारणा करणे हेही त्या दुःखाचे कर्तव्य होते. ज्वालारोधक फोम महाग पडतो, हे खरे, पण त्यावर लक्ष ठेवण्यास वेगळा खर्च लागत नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यान्वये इमारतीच्या भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला द्यावयाचा असतो. त्याच दोन वेळी खुर्च्यांच्या कापडाची व भरणाचीही तपासणी करून तिची नोंद ठेवली तर स्वतंत्र यंत्रणेची गरज पडणार नाही.

खरी अडचण तंत्राची नाही, दफ्तराची आहे. सरकारी व निमसरकारी कचेरीत खुर्ची डेडस्टॉक रजिस्टरात चढते आणि निर्लेखनाच्या ठरावाने उतरते. या दोन नोंदींच्या मध्ये तिचे जे वीस-पंचवीस वर्षांचे आयुष्य असते त्याची दखल घेणारा रकाना त्या वहीत नसतो. नव्या खुर्च्यांसाठी कोटीची तरतूद मंजूर होते, त्यांचे उद्घाटन होते, फीत कापली जाते. परंतु तिसऱ्या रांगेतील अकराव्या खुर्चीची शिवण उसवली तर ती शिवण्यासाठी शे-दोनशे रुपये खर्च करण्याचा अधिकार नाट्यगृहाच्या व्यवस्थापकास नसतो. उसवलेल्या शिवणीतून कोणीतरी बोट घालते, फोम उपसते, त्या पोकळीत ढेकूण व उंदीर घर करतात, शेजारच्या खुर्चीलाही तेच होते, आणि पाच वर्षांत अभियंता शेरा मारतो की सर्व आसने बदलणे आवश्यक. मराठवाड्यातील घरात वाकळ जशी दर उन्हाळ्यात बाहेर काढून, विरलेल्या जागी ठिगळ देऊन, पुन्हा टाके घालून वर्षासाठी सज्ज केली जाते, तशी सवय नाट्यगृहाला लावणे एवढेच वस्तुतः करावयाचे आहे.

मुंबईचे रॉयल ऑपेरा हाउस १९९३ साली बंद पडले आणि आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार होऊन २०१६ साली पुन्हा उघडले. त्या कामाचा गौरव पुढे युनेस्कोनेही केला. तो जीर्णोद्धार स्तुत्यच आहे. परंतु त्याच्या कथेतील मधली तेवीस वर्षे मला विसरता येत नाहीत. ऑपेरा हाउसला धनिक मालक होता आणि जाणकार वास्तुविशारद मिळाली; जिल्ह्याच्या ठिकाणच्या नगरपालिकीय नाट्यगृहास असा उद्धारकर्ता तेवीस वर्षांनीही येण्याची हमी नाही. त्याने दर वर्षी थोडे थोडे वाचत राहावे, हाच त्याच्यापुढील मार्ग आहे.

एखाद्या नाट्यगृहाने दर पावसाळ्यात, आषाढ-श्रावणात दौऱ्यावरील नाटक मंडळ्यांची वर्दळ कमी असते त्या सुमारास, आपल्या खुर्च्यांपैकी एक दशांश खुर्च्या नव्याने भरून घेतल्या तर दहा वर्षांत सारे प्रेक्षागृह एकदा नवे होईल, आणि तोपर्यंत पहिल्या खुर्च्यांची पाळी पुन्हा येईल. हा हिशेब मी त्या शहागंजातील कारागिरापुढे मांडला आणि महापालिकेने असे काम दिले तर नाट्यगृह बंद न ठेवता ते होईल काय, असे विचारले. त्याने बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजले. "दोन रांगा सोमवारी सकाळी उचलायच्या," तो म्हणाला, "लोखंड जागीच राहू द्यायचं, फक्त बैठक अन् पाठ खोलायची. प्रत्येकीच्या मागं नंबर लिहायचा, नाहीतर परत बसवताना नटबोल्टची भोकं जुळत नाहीत. तीन माणसं लावली तर शुक्रवारी बसवून देतो. शनिवार-रविवारचा खेळ बुडत नाही." मग त्याने माझ्याकडे नीट पाहून आपली अट सांगितली: फोम आणि कापड त्याच्या डोळ्यांदेखत तोलून-मापून यावे, आणि बिल त्याच महिन्यात निघावे, कारण कापडाचा व्यापारी तीस दिवसांपलीकडे उधारी ठेवीत नाही आणि पूर्वी एका कचेरीच्या कामात त्याचे पैसे दोन दिवाळ्या अडकून पडले होते.